टी पेशींना कोणीही शिकवत नाही

रोगप्रतिकारशक्तीवरच्या जवळपास प्रत्येक सोप्या लेखात एक वाक्य हमखास भेटते: थायमस ग्रंथी ही टी पेशींची, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची, शाळा आहे आणि तिथे त्यांना आपले कोण व परके कोण हे ओळखायला शिकवले जाते. ही उपमा चटकन समजते, म्हणूनच ती टिकून आहे. पण मला ती नेहमी खटकत आली आहे, कारण टी पेशींच्या जडणघडणीतली सर्वांत विलक्षण गोष्ट नेमकी तिच्यामुळे झाकली जाते. थायमसमध्ये एकाही पेशीला काहीही शिकवले जात नाही. तिथे दाखल झालेली पेशी स्वतःच्याच जनुकांची कापाकापी करून, कोणत्याही उद्दिष्टाविना, एक रिसेप्टर, म्हणजे पृष्ठभागावरचे ओळखणारे प्रथिन, बनवते आणि मग त्या रिसेप्टरची फक्त पारख होते. उपयोगी ठरलेली पेशी जगते, उरलेल्या मरतात. या संपूर्ण काळात तिला रोगजंतू दाखवून तयार केले जात नाही. तिच्यापुढे मांडले जाते ते आपलेच शरीर. पुढे आयुष्यभर ज्या जंतूंशी लढायचे, त्यांच्याविषयी काहीही माहीत नसताना लढणाऱ्या पेशींची निवड होऊन गेलेली असते, आणि तरीही ती निवड बहुतेक वेळा पुरी पडते. हे कसे जमते, हे मला सविस्तर मांडायचे आहे.

त्यासाठी टी पेशी नेमके काय ओळखते हे आधी पाहायला हवे. प्रतिपिंडे एखाद्या विषाणूचा पृष्ठभाग जसाच्या तसा पकडू शकतात, परंतु टी पेशीला, निदान नेहमीच्या प्रकारच्या टी पेशीला, तसे करता येत नाही. शरीरातली जवळजवळ प्रत्येक केंद्रकयुक्त पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे एमएचसी नावाच्या रेणूच्या खोबणीत बसवून स्वतःच्या पृष्ठभागावर मांडत असते. पेशी निरोगी असेल तर त्या खोबणीत आपल्याच प्रथिनांचे तुकडे असतात, आणि पेशीत विषाणू शिरला असेल तर त्यांत विषाणूचे तुकडेही येतात. टी पेशीचा रिसेप्टर तुकडा आणि खोबणी या दोहोंना एकत्रच चाचपतो. रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये कॅनबेरा येथे उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले की, विषाणूग्रस्त पेशींना मारणाऱ्या टी पेशी त्या पेशींवरचे एमएचसी रेणू आपल्या ओळखीचे असतील तरच काम करतात. विषाणू तोच असला तरी एमएचसी वेगळा असेल तर त्या ढिम्म राहतात. या शोधाला १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एमएचसीची जनुके माणसामाणसांत कमालीची वेगवेगळी असतात, त्यामुळे चांगला रिसेप्टर कोणता याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर असूच शकत नाही. माझ्या एमएचसीशी जुळणारा रिसेप्टर दुसऱ्या कोणाच्या शरीरात कुचकामी ठरू शकतो. शिवाय एकाच वेळी दोन अटी पाळायच्या असतात: रिसेप्टरला आपल्या एमएचसीची थोडी तरी ओढ असायला हवी, पण त्यात बसलेल्या आपल्या प्रथिनांच्या तुकड्यांनी तो चवताळता कामा नये. या दोन अटींमधल्या अरुंद पट्टीत बसणाऱ्या पेशी शोधून काढणे हे थायमसचे काम आहे.

हे काम ओळखले जायला मात्र फार उशीर झाला, आणि त्या उशिराची किंमत लहान मुलांनी मोजली, हे मला इथे सांगितलेच पाहिजे. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या किंचित वर असलेली ही दोन पाळ्यांची ग्रंथी जन्माच्या वेळी साधारण १० ते १५ ग्रॅमची असते, पौगंडावस्थेपर्यंत वाढते आणि मग हळूहळू आकसत तिच्या जागी चरबी येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अचानक दगावलेल्या बाळांच्या शवविच्छेदनात ही ग्रंथी मोठी दिसे, तेव्हा तिनेच श्वासनलिका दाबली असावी असा निष्कर्ष अनेक डॉक्टरांनी काढला. वास्तविक त्या बाळांची ग्रंथी अगदी योग्य आकाराची होती. तुलनेसाठी जी शवे अभ्यासली गेली होती ती बहुतांशी दीर्घ आजाराने आणि कुपोषणाने गेलेल्या गरिबांची होती, आणि अशा ताणात शरीरात वाढणाऱ्या स्टेरॉइड संप्रेरकांमुळे थायमसमधल्या कोवळ्या पेशी मोठ्या संख्येने मरून ग्रंथी आकसते. या चुकीच्या मापामुळे हजारो निरोगी बालकांच्या गळ्यावर आणि छातीवर क्ष-किरणांचा मारा केला गेला, आणि पुढे त्यांपैकी कित्येकांना थायरॉइडचा कर्करोग झाला. एखाद्या अवयवाचे काम माहीत नसणे ही एक गोष्ट. पण ते माहीत नसताना त्या अवयवावर उपचार करणे किती घातक ठरू शकते याचे इतके स्पष्ट उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात मला क्वचितच आढळले आहे.

थायमसचे खरे कार्य उघड झाले ते १९६१ मध्ये. लंडनमध्ये जाक मिलर उंदरांतल्या एका विषाणूजन्य रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करत होते, आणि त्यासाठी त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिलांची थायमस काढून टाकली. कर्करोगाचे जे व्हायचे ते होवो, पण ही पिले दूध सुटल्यावर खंगू लागली, संसर्गांनी मरू लागली, त्यांच्या रक्तात आणि लसिका ग्रंथींत लिम्फोसाइट पेशींची (टी पेशी याच पांढऱ्या रक्तपेशींच्या गटातल्या) चणचण दिसली, आणि दुसऱ्या जातीच्या उंदराच्या त्वचेचे कलम त्यांच्या शरीराने मुकाट स्वीकारले. प्रौढ उंदरातून थायमस काढल्यावर असे काही घडत नव्हते, म्हणूनच तोवर कोणाला संशय आला नव्हता. वेळ हीच या प्रयोगाची खुबी होती. पेशींचा पहिला साठा बाहेर पडण्याआधी ग्रंथी काढली तरच तिचे महत्त्व दिसते.

थायमस स्वतः टी पेशींचे बीज तयार करत नाही. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपासून निघालेल्या पूर्वज पेशी रक्तातून येतात आणि ग्रंथीच्या बाहेरच्या व आतल्या भागांच्या सीमेवरच्या रक्तवाहिन्यांतून आत शिरतात. या क्षणी त्या टी पेशी नसतात; त्यांच्यापुढे इतर रक्तपेशी होण्याचे काही मार्गही खुले असतात. थायमसच्या कॉर्टेक्समधल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, एपिथेलियल पेशींच्या (ग्रंथीची चौकट उभी करणाऱ्या पेशींच्या) पृष्ठभागावर असलेला डेल्टा-लाइक-४ नावाचा रेणू या पूर्वज पेशीवरच्या नॉच-१ या रिसेप्टरला भिडतो, आणि त्या संदेशाने इतर वाटा एकेक करून बंद होत जातात. याच काळात इंटरल्युकिन-७ हे संकेतप्रथिन त्यांना जगवते. माणसात त्याचा रिसेप्टर सदोष असेल तर बाळ टी पेशींविना जन्मते, आणि ज्यांच्यात फॉक्सएन-१ हे जनुक बिघडलेले असते त्यांच्यात ती एपिथेलियल चौकटच नीट तयार होत नाही. प्रयोगशाळांत वापरला जाणारा बिनकेसांचा ‘न्यूड’ उंदीर हा त्याचाच नमुना आहे.

आता रिसेप्टर बनवण्याची पाळी येते, आणि सगळ्या प्रवासातला हा टप्पा मला सर्वांत धाडसी वाटतो. टी पेशीच्या रिसेप्टरला अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्या असतात. बीटा साखळीचे जनुक गुणसूत्रावर सलग लिहिलेले नसून तुकड्यांच्या गटांत विखुरलेले असते: व्ही गटात सुमारे ५०, डी गटात २ आणि जे गटात १३. रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिने एकत्र येऊन डीएनए प्रत्यक्ष कापतात, प्रत्येक गटातला एकेक तुकडा उचलून एकमेकांना जोडला जातो आणि मधला मजकूर कायमचा वगळला जातो. जोडणीच्या सांध्यावर टीडीटी नावाचे विकर कोणत्याही साच्याशिवाय वाटेल ती डीएनए अक्षरे घालते. शरीरातल्या इतर सर्व पेशी ज्या डीएनएला प्राणपणाने जपतात, त्यालाच इथे मुद्दाम तोडून वेडेवाकडे जोडले जाते. वेगवेगळ्या रिसेप्टरांची प्रचंड संख्या मुख्यतः याच सांध्यांवरच्या यादृच्छिक अक्षरांतून येते, तुकड्यांच्या निवडीतून तुलनेने कमी. प्रतिपिंडांच्या जनुकांबाबत ही पद्धत सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये सिद्ध केली होती. टी पेशीच्या रिसेप्टरची जनुके हाती लागली ती १९८४ मध्ये.

यादृच्छिकतेचा तोटा उघड आहे. डीएनएची अक्षरे तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात, त्यामुळे सांध्यावर अक्षरे कमी-जास्त झाली की ढोबळमानाने तीनपैकी दोन वेळा पुढचा सगळा मजकूर बिघडतो आणि प्रथिनच तयार होत नाही. म्हणून पहिली पारख इथेच होते. बीटा साखळी तयार झाली की ती एका तात्पुरत्या जोडीदाराबरोबर, प्री-टी-अल्फा या साखळीबरोबर, पृष्ठभागावर येते. ती आली याचा अर्थ जोडणी वाचता येण्याजोगी आहे, आणि तेवढा पुरावा मिळताच पेशीला जगण्याचा आणि वेगाने विभागण्याचा संदेश मिळतो. साखळी आलीच नाही तर पेशी दुसऱ्या गुणसूत्रावरच्या प्रतीवर पुन्हा प्रयत्न करते, आणि तोही फसला तर मरते. या पारखीत बीटा साखळी काय ओळखते हे कोणी विचारत नाही. ती अस्तित्वात आहे की नाही एवढेच पाहिले जाते.

विभाजन या नेमक्या टप्प्यावर का होते, याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. बीटा साखळीची यशस्वी जोडणी महाग पडलेली असते, म्हणून तिच्या अनेक प्रती काढल्या जातात, आणि मग प्रत्येक कन्यापेशी आपापली वेगळी अल्फा साखळी जुळवते. एकाच बीटा साखळीच्या जोरावर अनेक निरनिराळे रिसेप्टर पुढच्या पारखीला उभे राहतात. अल्फाच्या जागी जे गटाचे साठाच्या आसपास तुकडे ओळीने असल्यामुळे पहिली जोडणी नापसंत ठरली तर पेशीला पुढचे तुकडे वापरून आणखी प्रयत्न करता येतात. बीटापाशी इतक्या संधी नसतात.

अल्फाची जोडणी होताना आणखी एक गोष्ट घडते, जी वरवर पाहता कचऱ्याची आहे, पण तिच्यामुळे हजारो नवजात बाळांची तपासणी शक्य झाली आहे. डेल्टा या वेगळ्या साखळीचे जनुक अल्फाच्या जनुकाच्या मधोमध बसलेले असते, आणि अल्फा जुळवताना ते कापून बाहेर पडते. कापलेल्या तुकड्याची दोन टोके जुळून त्याचे एक छोटे वर्तुळ बनते, ज्याला ट्रेक म्हणतात. हे वर्तुळ पेशीत राहते, पण पेशी विभागताना त्याची प्रत निघत नाही, त्यामुळे ते एकाच कन्यापेशीकडे जाते. अर्थात, रक्तात अशी वर्तुळे भरपूर सापडली तर थायमसमधून नुकत्याच निघालेल्या पेशी भरपूर आहेत, आणि ती सापडलीच नाहीत तर थायमस नव्या टी पेशी पाठवत नाही. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या आणि कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून हे मोजता येते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये सर्व नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली, आणि २०१८ च्या अखेरपर्यंत ती तिथल्या सर्व राज्यांत पोहोचली. टी पेशींचा तीव्र अभाव असलेल्या बाळाला संसर्ग होण्याआधी, पहिल्या साडेतीन महिन्यांत, अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण मिळाले तर जगण्याची शक्यता खूपच वाढते, म्हणून या वर्तुळांच्या मोजणीचे मोल मला फार वाटते. मूलभूत संशोधनाचा उपयोग काय, असे कोणी विचारले की मला आधी हीच चाचणी आठवते.

पूर्ण रिसेप्टर पृष्ठभागावर आलेली पेशी या टप्प्यावर सीडी४ आणि सीडी८ ही दोन्ही सहायक प्रथिने एकाच वेळी बाळगून असते. प्रयोगशाळेत उंदराच्या थायमसमधल्या पेशींना या दोन प्रथिनांना चिकटणारे रंग लावून फ्लो सायटोमीटर या पेशी एकेक करून तपासणाऱ्या यंत्रातून सोडले की पडद्यावर प्रत्येक पेशीचा एकेक ठिपका उमटत जातो. एका अक्षावर सीडी४, दुसऱ्यावर सीडी८. मी तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ नजर हटली नव्हती. उजव्या वरच्या चौकोनात, जिथे दोन्ही प्रथिने असलेल्या पेशी येतात, तिथे ठिपक्यांचा घट्ट काळा ढग होता, आणि त्याच्या तुलनेत सीडी४ एकटे किंवा सीडी८ एकटे असलेल्या पेशींचे पुंजके अगदी विरळ होते. त्याच उंदराच्या रक्ताचा आलेख काढला तर तो वरचा ढग जवळजवळ नाहीसा होतो आणि ते दोन पुंजकेच उरतात. थायमसमधल्या दर १०० पेशींपैकी ८० हून अधिक त्या ढगात असतात. त्यांच्यातल्या बहुसंख्य तीन-चार दिवसांत तिथल्या तिथे मरतात. दोन आलेख शेजारी ठेवले की निवडीची कठोरता कोणत्याही आकड्यापेक्षा स्पष्ट दिसते.

त्या ढगातल्या पेशी मरतात कशाने? बहुतेकींचा मृत्यू दुर्लक्षाने होतो. कॉर्टेक्समधल्या एपिथेलियल पेशी एमएचसीवर आपल्याच प्रथिनांचे तुकडे मांडून उभ्या असतात. ज्या कोवळ्या टी पेशीचा रिसेप्टर त्यांतल्या कशालाही सौम्यपणे का होईना धरू शकतो, तिला जगण्याचा संदेश मिळतो. जिला काहीच धरता येत नाही, तिला कोणी मारत नाही, फक्त जगण्याचा संदेश येत नाही आणि ठरलेल्या मुदतीत ती विझते. ही सकारात्मक निवड होय. एमएचसी रेणूंचे दोन वर्ग असतात. पहिल्या वर्गाला धरणारी पेशी सीडी८ ठेवते आणि सीडी४ सोडते, म्हणजे पुढे ती विषाणूग्रस्त पेशींना मारणारी होते. दुसऱ्या वर्गाला धरणारी सीडी४ ठेवते आणि पुढे इतर पेशींना मदत करणारी होते. ही निवड घडवणाऱ्या एपिथेलियल पेशींत प्रथिनांचे तुकडे करणाऱ्या यंत्रणेचा एक खास घटक असतो, जो शरीरात इतरत्र आढळत नाही. त्यामुळे सीडी८ पेशींना इथे दाखवले जाणारे तुकडे इतर ऊतींत दिसणाऱ्या तुकड्यांपेक्षा काहीसे वेगळे असतात, आणि हा घटक नसलेल्या उंदरांत सीडी८ पेशी फारच थोड्या तयार होतात.

पुढची पारख मेड्युलामध्ये, म्हणजे ग्रंथीच्या आतल्या भागात होते. सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेला छेद ठेवला तर कॉर्टेक्स पेशींच्या दाटीने गडद जांभळा दिसतो आणि मेड्युला फिका, मधूनमधून गुलाबी गुंडाळ्यांसारख्या हॅसल पिंडांनी भरलेला. या फिक्या भागात एक असा प्रश्न सोडवला जातो, जो सोडवता येणे अशक्यच वाटावे. इन्सुलिन स्वादुपिंडात बनते, थायरोग्लोब्युलिन थायरॉइडमध्ये. थायमसमधल्या पेशीला ही प्रथिने कधी भेटणार? आणि भेटली नाहीत, तर इन्सुलिनवर तुटून पडणारी टी पेशी बाहेर पडण्याआधी ओळखता कशी येणार? याचे उत्तर असे की मेड्युलामधल्या एपिथेलियल पेशी स्वतःच ही प्रथिने थोडी थोडी बनवतात. त्यामागचे एक प्रमुख जनुक एआयआरई हे १९९७ मध्ये सापडले, आणि त्याचा थायमसमधला कार्यभाग २००२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून स्पष्ट झाला. कोणतेही एक प्रथिन दर १०० एपिथेलियल पेशींपैकी एक ते तीन पेशींतच असते, त्यामुळे कोवळ्या टी पेशीला चार-पाच दिवस मेड्युलात फिरत अनेक पेशी चाचपाव्या लागतात. शिवाय डेंड्रिटिक पेशी ती प्रथिने उचलून स्वतःही मांडतात. अलीकडच्या संशोधनात असेही दिसले आहे की यांतल्या काही एपिथेलियल पेशी स्नायू, आतडे, त्वचा अशा ऊतींच्या पेशींचा जनुकीय कार्यक्रमच बऱ्याच अंशी उचलतात. एका छोट्या ग्रंथीत संपूर्ण शरीराची झलक मांडून ठेवलेली असते, आणि जी टी पेशी त्यातल्या कशालाही कडकडून धरते ती आत्मनाश करते.

एआयआरई हे जनुक बिघडले तर काय होते ते एपीएस-१ या दुर्मीळ आनुवंशिक विकारात दिसते. पॅराथायरॉइड आणि अधिवृक्क ग्रंथींवर शरीराचाच हल्ला होतो आणि तोंडात, नखांत बुरशीचा चिवट संसर्ग राहतो. पण केवळ जनुक असणे-नसणे एवढ्यावर ही गोष्ट थांबत नाही, प्रमाणालाही महत्त्व असते. इन्सुलिनच्या जनुकाशेजारी असलेल्या एका पुनरावृत्त डीएनए पट्ट्याचे लांब रूप ज्यांच्यात असते, त्यांच्या थायमसमध्ये इन्सुलिन दोन ते तीन पट अधिक बनते, आणि त्यांना पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका कमी असतो. स्वादुपिंडाचा आजार होणार की नाही याचा काही भाग छातीतल्या ग्रंथीत ठरतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

एक शंका इथे स्वाभाविकपणे उभी राहते. कॉर्टेक्समध्ये स्वतःला धरणारी पेशी जगवायची आणि मेड्युलामध्ये स्वतःला धरणारी पेशी मारायची, हा विरोधाभास नाही का? उत्तर पकडीच्या बळात आहे. पकड मुळीच नाही तर मृत्यू, सौम्य पकड तर जीवन, घट्ट पकड तर पुन्हा मृत्यू. म्हणजे आपल्या रक्तात फिरणारी प्रत्येक नेहमीची टी पेशी आपल्याच शरीराला सौम्यपणे ओळखणारी असते. परक्याची ओळख ही तिची मुळातली नेमणूक नसून, तिच्या सौम्य पकडीत एखाद्या वेगळ्या तुकड्याने अकस्मात भर पडणे एवढाच तिचा अर्थ आहे. शाळेच्या उपमेत मला हरवलेली वाटते ती नेमकी ही बाब.

ही चाळणी निर्दोष मात्र नाही, आणि ती तशी असल्याचे सांगणे वाचकाची दिशाभूल करणारे आहे. वाय गुणसूत्रावरून बनणाऱ्या एका प्रथिनाचा तुकडा ओळखणाऱ्या सीडी८ पेशी स्त्रियांत असणे समजण्यासारखे आहे, कारण त्यांच्या शरीरात ते प्रथिन नसते. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच पेशी पुरुषांतही सापडल्या, आणि त्यांची संख्या स्त्रियांतल्या संख्येच्या साधारण एक तृतीयांश होती. चाळणी अशा पेशी कमी करते, संपवत नाही. घट्ट पकड असलेली प्रत्येक पेशी मारली तर जंतू ओळखू शकणारे रिसेप्टरही मोठ्या प्रमाणात गमावले जातील, म्हणून ही ढिलाई मला दोष वाटत नाही, तडजोड वाटते.

या तडजोडीला आधार देणारी दुसरी व्यवस्थाही थायमसमध्येच तयार होते. १९६९ मध्ये जपानी संशोधकांना दिसले होते की उंदराच्या पिलाची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली तर प्रतिकारशक्ती लुळी पडण्याऐवजी ती स्वतःच्याच अंडाशयावर हल्ला करते. शिमोन साकागुची यांनी या कोड्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९९५ मध्ये इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या, म्हणजे नियामक, टी पेशींचा एक गट सीडी२५ या खुणेच्या आधारे वेगळा काढला. २००१ मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या चमूने जन्मतः आजारी पडणाऱ्या ‘स्कर्फी’ जातीच्या उंदरांत फॉक्सपी३ हे जनुक बिघडलेले असल्याचे दाखवले, माणसातल्या आयपेक्स या जीवघेण्या विकारातही तेच जनुक सदोष निघाले, आणि दोनच वर्षांत नियामक टी पेशींची जडणघडण याच जनुकावर अवलंबून असल्याचे सिद्ध झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. यांतल्या थायमसमध्ये घडणाऱ्या नियामक पेशी स्वतःला बऱ्यापैकी घट्ट ओळखणाऱ्या, पण मारल्या न गेलेल्या पेशींमधून येतात. उंदरात त्या इतर टी पेशींपेक्षा थोड्या उशिरा बाहेर पडतात, म्हणून तिसऱ्या दिवशी ग्रंथी काढली की हल्ला करू शकणाऱ्या पेशी बाहेर आणि आवरणाऱ्या आतच, अशी स्थिती होते. तीस वर्षे जुन्या निरीक्षणाचा अर्थ असा उलगडला.

सर्व पारखींतून तरलेली पेशी एस१पी१ हा रिसेप्टर पृष्ठभागावर आणते आणि ज्या मेदरेणूचे प्रमाण रक्तात अधिक असते त्याच्या दिशेने ग्रंथीबाहेर पडते. तरुण उंदराच्या थायमसमध्ये रोज सुमारे पाच कोटी पेशी तयार होतात आणि त्यांतल्या जेमतेम १० ते २० लाख बाहेर पोहोचतात. बाहेर पडलेली पेशीही लगेच पूर्ण पक्व नसते. पुढचे काही आठवडे लसिका ग्रंथी आणि प्लीहा यांतून फिरताना तिची क्षमता वाढत जाते. जंतूच्या तुकड्याशी तिची खरी गाठ पडते ती तिथे, आणि बहुतेक पेशींच्या नशिबी तो योग कधीच येत नाही.

वय वाढते तशी थायमसची चौकट आकसते. मात्र इथे उंदरांवरून माणसांविषयी घाईने अनुमान काढू नये असे मला वाटते. प्रौढ उंदरात जंतूशी गाठ न पडलेल्या नव्या टी पेशी बहुतांशी थायमसमधूनच येत राहतात. प्रौढ माणसात त्या मुख्यतः आधीच बाहेर असलेल्या पेशींच्या विभाजनातून येतात. यावरून प्रौढ माणसाला थायमसची गरज उरत नाही असा समज रूढ झाला होता, आणि छातीच्या शस्त्रक्रियांत ती सहज काढली जात असे. २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या नोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत, थायमस काढलेल्या प्रौढांपैकी ८.१ टक्के दगावले होते, तर थायमस शाबूत ठेवून हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या तत्सम रुग्णांपैकी २.८ टक्के, कर्करोगाचे प्रमाणही ७.४ टक्के विरुद्ध ३.७ टक्के असे होते. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यातून कार्यकारणभाव थेट सिद्ध होत नाही. तरीही शक्य असेल तेव्हा ही ग्रंथी जागेवर ठेवावी, एवढे म्हणायला हे आकडे मला पुरेसे वाटतात.

आणि जी बाळे थायमसविनाच जन्मतात, त्यांच्यासाठी आता एक मार्ग आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत इतर बाळांच्या थायमसचा जो भाग काढून टाकावाच लागतो, तो एरवी फेकला जातो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचे पातळ काप प्रयोगशाळेत काही दिवस जोपासून अशा रुग्ण बाळाच्या मांडीच्या स्नायूत रोवण्याची पद्धत विकसित केली, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने तिला मान्यता दिली. दात्याच्या टी पेशी जोपासनेत बहुतांशी निघून जातात, मागे एपिथेलियल चौकट उरते. मग बाळाच्या स्वतःच्या अस्थिमज्जेतून आलेल्या पूर्वज पेशी मांडीतल्या त्या चौकटीत शिरतात, तिथेच रिसेप्टर जुळवतात आणि तिथेच निवडल्या जातात. पुरेशा टी पेशी रक्तात दिसायला सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि तोवर बाळाला संसर्गापासून कसोशीने जपावे लागते.